व्यवसाय कर, रोजगार आणि आपला धंदा
(उंब्रज येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा संतशिरोमणी नामदेव महाराजांच्या चरित्रावर चार शब्द बोलावेत अशी आमची इच्छा होती. परंतु ते म्हणाले, "गुरुजी, महाराजांवर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच. आपण करांवर बोला. लोक नुसते कराचे नाव काढले तरी घाबरतात." आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन आयुष्यभर मुलांकडून नफातोट्याची व सरळव्याजाची उदाहरणे सोडवून घेतलेले शिक्षक. अर्थशास्त्राचा अधिकार आम्हांस नाही. तथापि शिंप्याच्या घरी जन्मल्यामुळे कापडाचा तागा कोणत्या वाटेने घरात येतो व घरातील चूल कोणत्या वाटेने पेटते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच आधारावर हे बोलणे आहे. चुकेल तेथे आपण सांभाळून घ्यावे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. सन १९७२ साली महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो. आमचे उंब्रज कृष्णाकाठचे. तारळी नदी येथेच कृष्णेला मिळते. त्यामुळे माण-खटावकडे जी दैना झाली ती आमच्या डोळ्यांदेखत गावात झाली नाही. परंतु वडिलांचे शिलाईयंत्र मात्र त्या वर्षी जवळजवळ बंद पडले. आम्ही लहान होतो. आम्हांस वाटे, दुष्काळ शेतकऱ्यावर पडतो, शिंप्याचे त्यात काय जावे? वडिलांनी एकाच वाक्यात समजावून दिले, "कणगी रिकामी असली की कोणी सदरा शिवत नाही." पुढे माण तालुक्यात आमच्या मावशीच्या गावाजवळ सरकारी काम निघाले. खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, अशी ती कामे होती. मावशी स्वतः टोपले घेऊन जात असे, आणि कामावरच्या मुलांस सुकडी मिळे. त्यानंतर काही महिन्यांनी वडील त्या भागातील एका बाजारात तयार चड्ड्या-सदऱ्यांचे गाठोडे घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने, म्हणजे गाठोडे रिकामे करून, परत आले. खडी फोडणाऱ्यांच्या हातात मजुरीचा पैसा आला होता. तो पैसा धान्याच्या दुकानातून, तेलाच्या दुकानातून फिरत फिरत अखेर आमच्या शिलाईयंत्रापर्यंत पोहोचला होता. सरकारचा पैसा कोठून येतो व कोठे जातो याविषयीचे आमचे पहिले शिक्षण ते असे झाले. शाळेतले नंतर.

त्या दुष्काळात कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाखांपर्यंत गेली होती. परंतु मागेल त्याला काम देण्याची कल्पना दुष्काळाच्या आधीची आहे, आणि ती आपल्याच परिसरातील आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. विधान परिषदेचे सभापती श्री. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग घडवून आणला. तासगाव तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. पुढे दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे आजच्या नकाशात विसापूर शेजारच्या जिल्ह्यात असले तरी वाडवडिलांच्या हिशेबाने ते आपलेच. पागे साहेबांची कल्पना तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. वसंतराव नाईक यांनी उचलून धरली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे हा माणसाचा हक्क आहे व मागितलेले काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव संसदेपुढे होता.

परंतु काम द्यावयाचे तर पैसा हवा. तो कोठून आणला? येथे आमच्या विषयाचा गाभा येतो. आम्ही ज्या वर्षी मॅट्रिक झालो त्याच वर्षी, म्हणजे १ एप्रिल १९७५ पासून, महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी दरसाल ठराविक रक्कम द्यावी आणि ती रोजगार हमीच्या कामी लागावी, असा त्याचा स्पष्ट हेतू होता. त्याच्या जोडीस मोटारींवरील करात, विक्रीकरात भर घातली गेली. पाटाच्या पाण्याखालील जमिनीवर व शहरांतील बिगरनिवासी इमारतींवरही आकार बसविण्यात आला. आणि या करांतून जेवढी निव्वळ रक्कम जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावयाचा, असा हा व्यवहार होता. त्या काळी त्यास फारसा विरोध झाला नाही. शहरवासीयांनाही ठाऊक होते की, गावात काम नसले तर माणसे गाठोडे बांधून शहराचीच वाट धरतात.

आम्ही नोकरीस लागल्यावर आमच्याही पगारातून हा कर कापला जाऊ लागला. पगारपत्रकावर सही करताना काही सहकारी कुरकुरत. आम्हांस मात्र दर वेळी मावशीचे टोपले आठवे आणि कुरकुर घशातच राहत असे. कराचे नाव व कराचे काम ही दोन्ही ज्या करात ठाऊक असतात, तो कर देताना माणसाचा हात जड होत नाही, असा आमचा अनुभव आहे. हजेरीपटावर खोटी नावे लागली, काही कामे कागदावरच राहिली, हेही खरे आहे. ते लपविण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट घडली, तिचे आम्हांस अधिक दुःख आहे. पुढील काळात अशी वर्षे आली की, या करांचे उत्पन्न वाढत गेले परंतु रोजगार हमीवरील खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. कर मजुराच्या नावाने गोळा होत राहिला आणि मजुराचे नाव मात्र हळूहळू मागे पडले. आज एखाद्या तरुण कारकुनास विचारा, "बाबा रे, तुझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कशासाठी कापतात?" तो खांदे उडवील. ज्या करामागे एवढा मोठा विचार होता, त्याची ही अवस्था.

आता दुसऱ्या एका कराची गोष्ट सांगतो. तो नाहीसा झाला याचा आम्हांस आनंद आहे. तो कर म्हणजे जकात. आपले उंब्रज ग्रामपंचायतीचे गाव, येथे जकातनाका नव्हता. परंतु नगरपालिकेच्या गावी माल नेला की वेशीवर थांबावे लागे. एकदा शाळेच्या सुटीत आम्ही वडिलांबरोबर एका शहराच्या बाजारास निघालो होतो. गावाचे नाव सांगत नाही, त्याची आज गरज नाही. नाक्यावरच्या कारकुनाने गाठोडे सोडावयास लावले, एकेक कपडा मोजला, किंमत काय धरावी यावर वाद घातला, आणि मग तो जेवावयास गेला. तो परत येईपर्यंत बाजार निम्मा उठला होता. जकातीची रक्कम किरकोळ होती. ती देऊन आम्ही मोकळे झालो. परंतु त्या दिवशी विकले न गेलेले कपडे वडिलांनी पाठीवर घेऊन परत आणले, त्याची पावती कोणी दिली नाही. तिजोरीत चार आणे जावेत म्हणून धंद्याचे चार रुपये बुडावेत, हे कोणत्या हिशेबात बसते? शिंपी एकटाच नव्हे, तर कासार, तांबट, भाजीवाला, ट्रकचालक, सर्वांचाच वेळ त्या नाक्यांवर जात असे.

महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. नाका गेला तरी नोंदवह्या आल्या, म्हणून व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, मोर्चे काढले. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांस त्यातून सोडण्यात आले. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला तेव्हाच संपली. नाका उठला म्हणून लगेच कारखाने उभे राहिले असे आम्ही म्हणणार नाही. तसा कोणी दावा केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय जकात गेल्यावर गावांच्या संस्था सरकारी अनुदानाच्या तोंडाकडे पाहू लागल्या, हाही तोटा झालाच. परंतु माल सकाळी निघून सकाळीच बाजारात पोहोचू लागला, ही गोष्ट लहान धंदेवाल्याच्या दृष्टीने लहान नाही.

आता आपल्या कापडाकडे वळू. आमच्या लहानपणी गिरणीच्या कापडावर दुकानात विक्रीकर नसे. १९५७ साली राज्यांनी आपसांत मान्य केले होते की, कापड, साखर व तंबाखू यांवर आपण विक्रीकर लावू नये. केंद्राने उत्पादनाच्या जागीच जादा अबकारी घ्यावी व राज्यांस वाटून द्यावी. त्यामुळे शिंप्याचा व करखात्याचा संबंध फारसा येत नसे. २०१७ साली कापडावर पाच टक्के वस्तू व सेवा कर आला तेव्हा आपल्या लोकांत जी घबराट झाली तिचे मूळ येथे आहे. साठ वर्षांत ज्याचे तोंड पाहिले नाही तो पाहुणा एकदम ओसरीवर येऊन बसला.

हा कर समजावयास अवघड नाही. चौथीच्या मुलास समजेल असे उदाहरण घ्या. नोंदणी केलेल्या एका शिंप्याने हजार रुपयांचे कापड घेतले, त्यावर पन्नास रुपये कर दिला. त्याचे कपडे शिवून सोळाशे रुपयांस विकले. त्यावर पाच टक्क्यांनी ऐंशी रुपये कर होतो. परंतु पन्नास रुपये आधीच भरले आहेत, ते वजा जाता त्याने तीसच भरावयाचे. म्हणजे करावर कर चढत नाही. जुन्या विक्रीकरात दोरा, गुंड्या, अस्तर यांवर आधी भरलेला कर किमतीत मुरून बसे व त्यावर पुन्हा कर लागे. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला, तेव्हा हे दुखणे बरेचसे कमी झाले होते. वस्तू व सेवा करात राज्याराज्यांच्या सीमाही त्या बाबतीत पुसल्या गेल्या.

परंतु येथे एक मेख आहे, ती नीट ऐका. मालाचा धंदा करणाऱ्याची उलाढाल वर्षास चाळीस लाखांच्या आत असली तर त्यास नोंदणीची सक्ती नाही. केवळ शिलाईची मजुरी घेणाऱ्यास ही मर्यादा वीस लाखांची आहे. आपल्यापैकी बहुतेक जण या मर्यादेच्या आतच राहतात आणि त्यात समाधान मानतात. परंतु नोंदणी नसलेल्या शिंप्यास कापडावर दिलेले ते पन्नास रुपये परत मिळत नाहीत. ते त्याच्या खर्चातच राहतात. तयार कपड्यांच्या कारखानदारास ते वजा मिळतात. सूट ही आपल्यास मिळालेली सवलत आहे असे आपण समजतो, आणि बाजारात मात्र कारखानदार आपल्यापुढे निघून जातो.

आमच्या एका भाच्याचे उदाहरण सांगतो. तो मुलांचे गणवेश शिवतो. एका संस्थेची मोठी मागणी त्याच्याकडे येणार होती, नमुना पसंत झाला होता, भावही ठरला होता. परंतु संस्थेस करक्रमांक असलेली पावती हवी होती आणि याच्याकडे क्रमांक नव्हता. मागणी दुसरीकडे गेली. तो आमच्याकडे रडकुंडीस येऊन बसला. आम्ही म्हटले, "नोंदणी का केली नाहीस?" तो म्हणाला, "मामा, नोंदणी केली की साहेब येतो म्हणतात." कोण म्हणतात, ते त्यास सांगता येईना. पुढच्या वर्षी आम्ही त्याच्याबरोबर बसून सक्ती नसताना स्वेच्छेने नोंदणी केली. आज त्याच्याकडे पाच यंत्रे आहेत, त्यांवर आपल्याच गावातील पाच भगिनी शिवणकाम करतात, आणि कापड बेतून कापण्यासाठी एक पुरुष कारागीर आहे. साहेब अद्याप आलेला नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या करात जो फेरबदल झाला त्याचा आपल्या धंद्याशी सरळ संबंध आहे. शिलाईयंत्रे व त्यांचे भाग यांवरील कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला. कृत्रिम धाग्यांवरील कर पाच टक्क्यांवर आला. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यास पाच टक्के लागत, ती मर्यादा अडीच हजार रुपयांची झाली. त्यावरील कपड्यास मात्र अठरा टक्के. लग्नाचे उंची कपडे शिवणाऱ्यांनी ही रेषा ध्यानात ठेवावी. हे दर एकट्या दिल्लीत ठरत नाहीत, हेही सांगून ठेवतो. ज्या परिषदेत ते ठरतात तीत मतांचे दोन तृतीयांश वजन राज्यांचे आहे. तेव्हा आपल्या मंत्र्यांकडे या विषयी बोलणे व्यर्थ नाही.

आता पुन्हा त्या व्यवसाय कराकडे येतो. कारण वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याच्या स्वतःच्या हाती थोडेच कर उरले आहेत. मुद्रांक शुल्क, मोटार कर, पेट्रोल-डिझेलवरील कर, दारूवरील अबकारी, वीज शुल्क, जमीनमहसूल, आणि हा आपला व्यवसाय कर. राज्याने कर सुधारून रोजगार वाढवावा असे म्हणावयाचे असेल, तर या उरलेल्यांतच काही करणे त्यास शक्य आहे.

भाच्याच्या त्याच कारखान्यात पाहा. यंत्रावरच्या भगिनींस व्यवसाय कर नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्या स्त्रियांस त्यातून सूट मिळाली. ही उत्तम सुधारणा झाली व ज्यांनी केली त्यांस धन्यवाद दिले पाहिजेत. परंतु कापड बेतणारा आपला तो कारागीर पुरुष आहे. त्यास महिना बारा हजार रुपये मिळतात. पुरुषांस दहा हजारांवर वेतन गेले की वर्षाचे अडीच हजार रुपये द्यावे लागतात. त्याचे वर्षाचे वेतन एक लाख चव्वेचाळीस हजार. म्हणजे हजारी सुमारे सतरा रुपये कर झाला. आता महिना दोन लाख रुपये मिळविणारा एखादा मोठा अधिकारी घ्या. त्याचाही कर अडीच हजारच. त्यास हजारी एक रुपया पडला. हे गणित आम्ही तीन वेळा करून पाहिले, शिक्षकाच्या सवयीने ताळाही करून पाहिला. उत्तर तेच येते.

यात राज्य सरकारचा एकट्याचा दोष नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या करास मर्यादा घातली आहे. प्रारंभी ती वर्षास अडीचशे रुपये होती. १९८८ साली घटनादुरुस्तीने अडीच हजार झाली. त्यानंतर पगार कोठल्या कोठे गेले, शिलाई कोठल्या कोठे गेली, ती मर्यादा आहे तेथेच आहे. परिणामी मोठ्याकडून अधिक घेता येत नाही, म्हणून लहानाकडून घेणे सुटत नाही. राज्याने केंद्राकडे ही मर्यादा वाढविण्याचा आग्रह धरावा, आणि त्याच वेळी, ती वाढण्याची वाट न पाहता, पंचवीस हजारांपर्यंतची सूट पुरुष कामगारांसही द्यावी. ही गोष्ट राज्याच्या हातातली आहे. आमच्या कारागिराच्या घरी वर्षाचे अडीच हजार रुपये उरले तर ते मुलांच्या कपड्यात, वह्यांत, छपराच्या पत्र्यात जातील. उंब्रजच्याच पेठेत फिरतील. दुष्काळातला मावशीचा मजुरीचा पैसा असाच फिरला होता. राज्याचे जे उत्पन्न त्यामुळे घटेल त्याचे काय, असा प्रश्न आपण विचाराल तर तो रास्त आहे. आमचे उत्तर असे की, तूर्त काही घट सोसावी लागेल व मर्यादा वाढली की वरच्या उत्पन्नाकडून ती भरून काढता येईल. फुकटात होणारी सुधारणा आम्हांस ठाऊक नाही. स्वतंत्र धंदा करणाऱ्यांची वर्गवारी या कायद्यात निराळी आहे. तिच्यात आज शिरत नाही, नाहीतर अध्यक्ष महाशयांना घड्याळाकडे पाहावे लागेल. तसे ते आता पाहतच आहेत.

काही तरुण मित्र म्हणतात, कर मुळीच नसावेत, म्हणजे धंदे आपोआप वाढतील. हे आम्हांस पटत नाही. ज्या शाळेत आम्ही शिकविले ती करांतून चालली. ज्या महामार्गावर आपले गाव वसले आहे तो लोकांच्या पैशातून झाला. मोठ्या कारखान्यांनी मुंबई-पुण्याबाहेर जावे म्हणून १९६४ पासून राज्याने त्यांस करसवलती दिल्या. त्यांस आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जो विचार शंभर यंत्रांच्या कारखान्यासाठी होतो तोच पाच यंत्रांच्या घरासाठी व्हावा.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. व्यवसाय करातील सुटीविषयी एक अर्ज आम्ही तयार केला आहे. तो बाहेर पुस्तकांच्या मेजावर ठेवला आहे. ज्यांच्याकडे कारागीर कामास आहेत त्यांनी तो वाचावा, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि पटल्यास सही करावी. न पटल्यास करू नये. दुसरे असे की, पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आमचे भाचे व आम्ही येथील मंदिराच्या ओवरीत बसणार आहोत. ज्यांस नोंदणी करावयाची आहे, किंवा करावी की न करावी हेच ठरत नाही, त्यांनी आपली गेल्या वर्षाची खरेदीची बिले पिशवीत घालून आणावीत. बिले नसतील तर आठवेल तेवढे कागदावर लिहून आणावे. यंत्रावर काम करणाऱ्या भगिनींनी स्वतः यावे, घरातील पुरुषास पाठवून भागवू नये. कारण खरेदी कोणी केली व हिशेब कोणाच्या डोक्यात आहे हे आम्हांस ठाऊक आहे.